आडात काय आहे ते आधी बघू: रोजचे विचार आणि बोलणं ख्रिस्ती विश्वासाशी कसं जुळवायचं

रविवारी उपासना आटोपून घरी आलो, जेवायला अजून अर्धा तास होता म्हणून पोराचं गणित बघायला घेतलं, आणि अपूर्णांकांच्या तिसऱ्याच उदाहरणाला माझ्या तोंडून निघालं, "मठ्ठ आहेस का रे तू?" पोरगा नऊ वर्षांचा. काही बोलला नाही, फक्त पेन्सिल खाली ठेवली. तासाभरापूर्वी याच तोंडाने मी देवाची स्तुती गात होतो, तीही जरा मोठ्या आवाजात, कारण मागच्या बाकावरच्यांना ऐकू जावं असं मला वाटतं (हे पण एक आहेच). याकोबाच्या पत्रात तिसऱ्या अध्यायात नेमकं हेच दुखणं सांगितलंय, की त्याच जिभेने देवाचा धन्यवाद करायचा आणि त्याच जिभेने देवाच्या प्रतिरूपाचा बनलेल्या माणसाला शाप द्यायचा, एका झऱ्यातून गोडं आणि कडू पाणी कसं काय येतं बाबा.

आणि येशूने डोंगरावरच्या प्रवचनात "राका" म्हणू नका असं सांगितलं ना, तो राका शब्द अरामी भाषेतला, अर्थ साधारण रिकाम्या डोक्याचा. म्हणजे आपलं मठ्ठच की. मला इतकी वर्षं वाटायचं राका म्हणजे काहीतरी भयंकर शिवी असणार, आपण कुठे देतो तसली.

मी पाळक नाही, बायबल कॉलेजला गेलेलो नाही, नगरकडचा माणूस आहे, नोकरीसाठी पुण्यात. त्या रविवारनंतर दीडेक वर्ष जे करून बघितलं त्यातलं जे टिकलं ते लिहितोय. पायऱ्या टाकल्यात कारण पायऱ्या असल्या की सुरुवात करायला बरं पडतं, पण प्रत्येकाचा क्रम थोडा पुढेमागे होईल, झाला तर होऊ दे.

सुरुवातीला एक गोष्ट डोक्यात नीट बसवून घ्या

आपल्याकडे म्हण आहे, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. मत्तयच्या बाराव्या अध्यायात येशू हेच सांगतो, अंतःकरणात जे भरून वाहतं तेच तोंडावाटे बाहेर पडतं. आपण बहुतेक जण पोहरा घासत बसतो. शिव्या बंद, "जय ख्रिस्त" चालू, स्टेटसला रोज वचन, झालं. आत आडात गाळ तसाच. पण मला नंतर कळलं की पोहरा टाकून देण्यासारखा पण नाही, कारण आड खोल असतो, वाकून बघितलं तरी आतलं काही दिसत नाही, वर आलेल्या पोहऱ्यातच कळतं खाली काय आहे ते. म्हणून काम दोन्हीकडून करायचं, आणि सुरुवात पोहऱ्यात बघण्यापासून.

पहिली पायरी: आठवडाभर काही सुधारू नका, फक्त मोजा

इथे मी कॅथलिक लोकांकडून उसनं घेतलंय. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला म्हणून संत होऊन गेले, येशू संघ म्हणजे जेजुइट लोकांचे संस्थापक, त्यांनी एक एकदम हिशेबी पद्धत सांगून ठेवलीय. कागदावर आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी दोन ओळी आखायच्या. एकच दोष निवडायचा, एकच. सकाळी उठल्यावर ठरवायचं की आज यावर लक्ष ठेवणार. दुपारी जेवणानंतर तासातासाने मागे जाऊन आठवायचं की किती वेळा घसरलो, तेवढे ठिपके पहिल्या ओळीवर. रात्रीच्या जेवणानंतर परत, दुसऱ्या ओळीवर. आणि दिवसात जेव्हा चुकाल तेव्हा तिथल्या तिथे छातीवर हात ठेवायचा, चारचौघांत बसलेले असलात तरी कुणाच्या लक्षात येत नाही. मग रात्रीची ओळ दुपारच्या ओळीशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी ताडून बघायचा. आमच्या गावच्या दुकानदाराच्या उधारीच्या वहीसारखंच आहे हे. आणि आमच्यातले काही म्हणतील हे त्या लोकांचं, आपलं नाही, तर १५७९ ला गोव्यात येऊन १६१६ मध्ये मराठी ओव्यांमधून ख्रिस्ताची कथा छापणारे फादर स्टीफन्स याच संघातले होते, म्हणजे हे ठिपके मराठी मुलखात यायला चारशेच्या वर वर्षं झाली असणार.

दोष निवडताना "चांगलं बोलायचं" असलं काही निवडू नका, ते मोजता येत नाही. असं निवडा: पोरावर आवाज चढवला, सहकाऱ्याबद्दल त्याच्या मागे बोललो, फोनवर खोटं कारण सांगितलं ("निघालोच आहे, पाच मिनिटांत पोचतो", आणि अजून आंघोळ बाकी). माझा पहिल्या आठवड्याचा दोष होता टोमणे. मला वाटलं होतं दिवसाला दोन-तीन असतील, गुरुवारी अकरा ठिपके निघाले, आणि गुरुवारी मी खुशीत होतो.

मोजताना प्रत्येक ठिपक्यापुढे दोन शब्द लिहा की त्याआधी काय झालं होतं. ट्रॅफिक. भूक. साहेबाचा मेल. आईचा फोन. हे दोन शब्द पुढच्या पायरीला लागतात.

दुसरी पायरी: बोलण्याच्या आधीचा विचार पकडा

ही सगळ्यात अवघड आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे जरा थांबतो.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एव्हाग्रियस नावाचा साधू राहायचा. त्याने माणसाला छळणारे आठ प्रकारचे विचार मांडले: खादाडपणा, वासना, पैशाचा लोभ, खिन्नता, राग, कंटाळा, मोठेपणाची हौस आणि गर्व. त्याचं म्हणणं असं की विचार मनात येणं आपल्या हातात नाही, तो आत राहतो का आणि आपल्याला हलवतो का, हे आपल्या हातात आहे. हे वाचलं तेव्हा मला फार हलकं वाटलं, कारण लहानपणापासून डोक्यात होतं की वाईट विचार आला म्हणजे पाप झालंच. दारावर कुणीतरी येऊन उभं राहणं वेगळं आणि त्याला आत बोलावून, चहा टाकून, गादी घालून देणं वेगळं.

आणि गुरुवारचे माझे अकरा ठिपके पुढच्या दोन शब्दांसकट बघितले तर त्यातले सात मोठेपणाच्या हौशीतले निघाले. रागातले नाहीत. लोक हसावेत, मी हुशार वाटावा, म्हणून. हे मोजल्याशिवाय मला आयुष्यात कळलं नसतं.

तर करायचं काय. एव्हाग्रियसनेच एक आख्खं पुस्तक केलं होतं, प्रत्येक छळणाऱ्या विचाराला उत्तर म्हणून पवित्र शास्त्रातलं एकेक वचन. ही कल्पना त्याची पण नाही, येशूची आहे. रानात सैतानाने तीन वेळा परीक्षा घेतली, तिन्ही वेळा येशूने उत्तर दिलं ते जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकातल्या वचनाने, तिन्ही वचनं सहाव्या आणि आठव्या अध्यायातली. म्हणजे पाठ होती. मोबाईलमध्ये सर्च करून बघतो म्हणाला नाही.

तुमचे जे दोन-तीन नेहमीचे पाहुणे असतील त्यांच्यासाठी एकेक वचन ठरवा, जास्त नको. माझे असे आहेत:

दुसऱ्याचं चांगलं झालं की पोटात दुखतं (मित्राने फ्लॅट घेतला, मेव्हण्याचं प्रमोशन): रोमकरांस पत्र १२:१५, आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा. आणि याला मी एक कृती जोडलीय, पोटात दुखलं की पाच मिनिटांच्या आत त्या माणसाला फोन करून अभिनंदन करायचं. मेसेज नाही, फोन. पहिल्यांदा घशात अडकतं.

पैशाची, पोराच्या शाळेची, आईच्या तब्येतीची काळजी: फिलिप्पैकरांस ४:६. कशाविषयीही चिंतातुर होऊ नका, आपली मागणी देवाला कळवा. हे पौलाने तुरुंगातून लिहिलंय एवढं लक्षात ठेवलं की त्याचं वजन कळतं, एसीत बसून दिलेला सल्ला नाहीये हा.

"माझ्याच्याने काही होत नाही, मी असाच": रोमकरांस ८:१. ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाही.

वचन स्वतःच्या हाताने, स्वतःच्या बोलीत लिहा. पंडिता रमाबाईंनी केडगावला शेवटची कितीतरी वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं भाषांतर करण्यात घालवली, कशासाठी तर साध्या, कमी शिकलेल्या बायकांना वाचून समजावं म्हणून. मग आपणही "चिंतातुर" च्या जागी वहीत "टेन्शन" लिहिलं तर काही बिघडत नाही, पाठ मात्र शास्त्रातलं करा कारण ते घरात सगळ्यांचं सारखं असतं.

पौल फिलिप्पैकरांस पत्राच्या त्याच चौथ्या अध्यायात पुढे आठव्या वचनात एक यादी देतो, जे सत्य, जे आदरणीय, जे न्याय्य, जे शुद्ध, जे सुंदर, जे नावाजण्यासारखं, त्याच्यावर मन लावा. या यादीत सत्य पहिलं आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. याचा उपयोग मी असा करतो, रात्री डोक्यात पिक्चर चालू होतो ना, "तो मला मुद्दामच मीटिंगला बोलावत नाही, सगळे मिळून माझ्याविरुद्ध", तेव्हा पहिला प्रश्न, हे सत्य आहे का की मी रचलंय? दहातले आठ पिक्चर पहिल्याच प्रश्नाला पडतात, बाकीच्या चाळण्यांची गरजच पडत नाही.

एक गोष्ट मात्र नीट सांगतो. वचन म्हणजे मंत्र नाही आणि औषधाची गोळी पण नाही. महिना महिना झोप नाही, जगावंसंच वाटत नाही, एकच विचार दिवसातून शंभर वेळा येऊन हात धुवायला लावतोय, असं असेल तर डॉक्टरकडे जा, ते विश्वास कमी पडल्याचं लक्षण नाही. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून "आता पुरे, माझा जीव घे" म्हणाला तेव्हा देवाने आधी त्याला प्रवचन दिलं नाही. झोपू दिलं, देवदूताने भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला घातलं, मग बोलणं. पहिले राजे, एकोणिसावा अध्याय. माझ्या ठिपक्यांपुढे सुद्धा "भूक" हा शब्द किती वेळा आला विचारू नका, आता ऑफिसातून निघताना दोन बिस्किटं खाऊन निघतो, पोरावरचा आवाज निम्मा कमी झाला, याला आध्यात्मिक म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तिसरी पायरी: दाराला राखणदार

१४१ व्या स्तोत्रात दाविद म्हणतो, हे परमेश्वरा, माझ्या मुखावर पहारा ठेव, माझ्या ओठांचं दार सांभाळ. जिभेला हाड नाही म्हणतात ते खरंच आहे, उचलली जीभ की लावली टाळ्याला. वाळवंटातल्याच अगाथोन नावाच्या साधूची गोष्ट सांगतात की गप्प राहायला शिकेपर्यंत तीन वर्षं त्याने तोंडात दगड ठेवला होता. तुम्ही दगड ठेवू नका, पण एक श्वास ठेवा. ज्याच्यावर राग आलाय त्याला उत्तर देण्याआधी एक पूर्ण श्वास, आणि त्या श्वासात मनातल्या मनात "प्रभू, राख" एवढंच. दोन शब्द. लांब प्रार्थनेला तिथे वेळ नसतो.

फोनवर हे सोपं पण आहे आणि अवघड पण. रागातलं उत्तर टाइप करा हवं तर, पण पाठवू नका, चहा पिऊन या, मग वाचा. व्हॉइस नोट रागात अजिबात करू नका, आवाज राहतो आणि फॉरवर्ड होतो. याकोब म्हणतो एवढीशी ठिणगी आणि केवढं रान पेटतं. आमच्याकडे ज्याने उसाचा फड पेटलेला बघितलाय त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

चौथी पायरी: पोहऱ्यात नेमकं काय काय येतं ते चाळा

इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात म्हटलंय, तुमच्या मुखातून कुजकं भाषण निघू नये. मूळ ग्रीक शब्द तोच आहे जो मत्तयमध्ये जाळ्यातल्या टाकाऊ मासळीला वापरलाय. वसईच्या किनाऱ्यावर बायका मासळी निवडताना बघा, हातात घेतल्याबरोबर त्यांना कळतं, टोपलीत की बाहेर. आणि मराठीत तर आपण आधीपासूनच "कुजकट बोलणं" म्हणतो, म्हणजे हे वचन आपल्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. निवडायला बसलं तर आपल्या मराठी ख्रिस्ती घरांमधून साधारण ही मासळी निघते.

शपथा. "आईशप्पथ", "देवाशप्पथ खरं सांगतो." येशूने साफ सांगितलंय शपथ वाहूच नका, तुमचं होय ते होय आणि नाही ते नाही असू द्या. ही सवय तोडायला सोपी, दोन आठवड्यांत सुटते, म्हणून नवीन माणसाने इथूनच सुरुवात करावी. गंमत म्हणजे शपथ सुटली की आपण किती वेळा फेकत होतो ते कळतं, कारण शपथ लागायची तिथेच लागायची जिथे गोष्ट थोडी वाढवलेली असायची.

"नशीबच फुटकं", "कुणाची दृष्ट लागली", "हा पनवती आहे". भाषा म्हणून तोंडात बसलेलं असतं, प्रत्येक वेळी त्यामागे श्रद्धा असतेच असं नाही, आणि मी याबाबतीत कुणाच्या मागे लागत नाही. पण खरंच वाईट वेळ आली तेव्हा तोंडातून पहिलं काय निघतं ते बघा. आणि जिवंत माणसाला पनवती म्हणणं तर कुठल्याच हिशेबात बसत नाही.

जातीवरून बोलणं. हे कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. मराठीत कितीतरी म्हणी आणि शिव्या अशा आहेत की त्यात एखादी आख्खी जातच शिवी म्हणून वापरलेली असते, आणि त्या चर्चच्या जेवणावळीत सुद्धा ऐकू येतात, दोनतीन पिढ्यांपूर्वी आपल्याच आज्याला ज्या शब्दाने हाक मारत होते तो शब्द नातू मित्राला चेष्टेत वापरतो. लग्न जमवताना "ते कुठले मूळचे?" हा प्रश्न कशासाठी असतो ते सगळ्यांना माहीत असतं. देवाच्या प्रतिरूपाचा बनलेला माणूस हे याकोबाचे शब्द इथे लावून बघा. चेष्टेत सुद्धा नाही, इथे मी सूट देत नाही.

आणि आता सगळ्यात चविष्ट मासळी, प्रार्थनेची विनंती. "अमक्यांच्या मुलीसाठी प्रार्थना करा हां, तसं काही सांगायचं नाहीये, पण तुम्हाला म्हणून सांगते..." मग वीस मिनिटं सविस्तर. महिला मंडळाचं नाव उगाच खराब आहे, पुरुष चर्चच्या बाहेर गाड्यांपाशी उभे राहून तेच करतात, फक्त त्याला कमिटीचं काम म्हणतात. यासाठी मी तीन प्रश्न ठेवलेत. ज्याची गोष्ट आहे त्याने ती सांगायला परवानगी दिलीय का? तो माणूस आत्ता इथे येऊन उभा राहिला तर मी हेच वाक्य पूर्ण करीन का? आणि सांगून झाल्यावर मी खरंच प्रार्थना करणार आहे का? तिन्हीला हो असेल तर बोला, आणि तपशील न देता बोला. "त्या घरासाठी प्रार्थना करू या" एवढ्याने देवाला कळतं कुठलं घर. मत्तय अठराव्या अध्यायात तर सरळ आहे, भावाने अपराध केला तर आधी त्याच्याकडे एकटा जा. आपण आधी ग्रुपवर जातो.

समोरचा सुरू झाला तर काय, हा प्रश्न सगळे विचारतात. त्याला उपदेश करू नका, तो आणखी एक ठिपका होईल. "तुम्ही त्यांना भेटलात का?" एवढं विचारा. बहुतेक वेळा विषय बदलतो.

शिव्यांबद्दल फार लिहीत नाही, त्या सुटल्या पाहिजेत हे सगळ्यांना माहीतच असतं. मला एवढंच वाटतं की "आयला" म्हणणाऱ्या पण कुणाचं मन न मोडणाऱ्या माणसापेक्षा गोड आवाजात कुजकट बोलणारा विश्वासी जास्त नुकसान करतो.

पाचवी पायरी: दुसऱ्याच्या बोलण्याचा चांगला अर्थ लावायचा

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा कॅथलिक आणि लुथरन लोक आठवी मोजतात, आमच्यासारखे बाकीचे प्रोटेस्टंट नववी. मार्टिन लुथरने १५२९ च्या आपल्या लहान प्रश्नोत्तरीत तिचा अर्थ सांगताना नुसतं खोटं बोलू नका म्हणून सोडून दिलं नाही, शेजाऱ्याची बाजू घ्या, त्याच्याबद्दल चांगलं बोला आणि त्याच्या प्रत्येक गोष्टीचा होईल तेवढा चांगला अर्थ लावा असं सांगितलं. आणि तिकडे इग्नेशियस आपल्या "आध्यात्मिक साधना" या पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला म्हणतात, चांगल्या ख्रिस्ती माणसाने दुसऱ्याचं म्हणणं धिक्कारण्यापेक्षा त्याचा चांगला अर्थ लावायला तयार असावं, नाहीच लावता आला तर त्यालाच विचारावं तुला काय म्हणायचंय, आणि तो चुकत असेल तर प्रेमाने दुरुस्त करावं. दोघं एकाच काळातले, आणि दोन एकदम विरुद्ध छावण्यांमधले. युरोप फुटत होतं आणि या एका गोष्टीवर दोघांचं एकमत, मला हे फार आवडतं.

व्यवहारात असं. बायकोचा मेसेज आला, "किती वाजता येणार". याचे दोन अर्थ होतात, एक "परत उशीर करणारेस ना" आणि दुसरा "कुकर कधी लावू". मी दहा वर्षं पहिलाच अर्थ लावून उत्तर देत होतो. आता दुसरा धरून उत्तर देतो, आणि शंका असेल तर फोन करून विचारतो. बहुतेक वेळा कुकरच असतो.

सहावी पायरी: खोटं गोड बोलू नका

इथे माझं काही लोकांशी पटत नाही. हल्ली शिकवतात की तोंडातून निगेटिव्ह शब्द काढायचाच नाही, आजारी असलात तरी "मी बरा आहे" असंच कबूल करायचं, मग तसं घडतं. मग लोक तापाने फणफणत असताना सुद्धा "प्रभूची कृपा, एकदम मस्त" म्हणतात आणि घरी जाऊन एकटे रडतात. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश स्तोत्रं रडगाणी आहेत, विलाप. तेरावं स्तोत्र "किती वेळ" असं विचारतच सुरू होतं. ८८ वं तर शेवटपर्यंत अंधारातच संपतं, गोड शेवट नाही. ही स्तोत्रं देवाच्या लोकांनी गायली आणि जपून ठेवली. म्हणजे विश्वासाचं बोलणं म्हणजे पॉझिटिव्ह बोलणं नाही, देवासमोर खरं बोलणं. तक्रार करायचीच असेल तर देवाकडे करा, बेधडक करा, त्याच्याकडे केली की ती बाकी दहा जणांकडे करायची गरज कमी होते.

खरं आणि प्रेमाने कसं बोलावं याचा मराठी नमुना हवा असेल तर लक्ष्मीबाई टिळक. रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं आपण अजून देवळात गातो, पण त्यांचा शीघ्रकोपी स्वभाव आणि त्याचा संसारात झालेला त्रास लक्ष्मीबाईंनी आपल्या आत्मचरित्रात लपवलेला नाही. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा स्वतः लक्ष्मीबाईंवर काय गुजरलं तेही लपवलेलं नाही. आणि तरी त्यात कुजकटपणा नाही, हसत हसत सांगतात, स्वतःलाही सोडत नाहीत. नवऱ्याबद्दल, बायकोबद्दल, पाळकाबद्दल खरं बोलायचं झालं तर त्या सुरात बोलता येतंय का बघा, येत नसेल तर अजून थांबा.

चांगलं बोलायचं राहूनच जातं तो भाग वेगळा. आपल्या घरांमधून कौतुक फक्त अंत्यविधीच्या वेळी होतं. दिवसाला एक, ठरवून, तोंडावर, जिवंतपणी. "आज भाजी चांगली झालीय" पासून सुरुवात करा.

सातवी पायरी: चुकल्यावर

चुकणारच. याकोब स्वतः म्हणतो जिभेला कुठलाही माणूस वश करू शकत नाही. मत्तय पाचव्या अध्यायात येशू सांगतो, वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. म्हणजे माफी रविवारपर्यंत लांबवायची नाही.

माफी कशी मागायची हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. "सॉरी हां" ही माफी नाही. "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" ही तर मुळीच नाही, त्यात चूक त्याच्या वाटण्याची. "मी चिडलो, पण तू पण..." यातला "पण" आल्याबरोबर सगळं पाण्यात. असं म्हणा: मी तुला अमुक बोललो, ते चुकीचं होतं, मला माफ कर. नाव घेऊन, शब्द उच्चारून. आणि समोरच्याने लगेच माफ केलंच पाहिजे असा आग्रह नाही धरायचा. लहान मुलांची पण मागायची, बाप असलात तरी. त्या रविवारी मी संध्याकाळपर्यंत टाळलं, मग पोराच्या खोलीत जाऊन म्हणालो, "मी तुला मठ्ठ म्हणालो, ते चुकलं माझं, मला माफ कर." तो म्हणाला, "ओके. पण ते उदाहरण खरंच अवघड होतं." मी नंतर एकट्याने सोडवून बघितलं, होतं अवघड.

रात्रीची पाच मिनिटं

झोपायच्या आधी, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून. आज मिळालेल्या एका गोष्टीबद्दल देवाचे आभार, नाव घेऊन. मग प्रकाश मागा, की प्रभू दाखव. मग दिवस सकाळपासून परत चालून या, कुठे काय बोललो, त्याआधी मनात काय होतं. मग ठिपके आणि क्षमा. मग उद्याची एक जागा, जिथे घसरण्याची शक्यता आहे, ती आधीच देवाला सांगून ठेवायची. माझी बहुतेक वेळा सोमवारची अकराची मीटिंग असते. पाच मिनिटांच्या वर नेऊ नका, नेलं की चौथ्या दिवशी सुटतं.

वही एका माणसाला दाखवा. एकट्याने केलं की आपण स्वतःला फार लवकर माफ करतो किंवा अजिबातच करत नाही. मित्र, पाळकसाहेब, कॅथलिक असाल तर पापनिवेदनाला फादर, नवरा-बायको, जो खरं बोलेल आणि बाहेर बोलणार नाही असा कुणीही. मी तिसऱ्या महिन्यात बायकोला दाखवली, जरा ऐटीतच, कारण त्या आठवड्याला रोज दोनच ठिपके होते. तिने पानभर बोट फिरवलं, मंगळवारपाशी थांबली आणि म्हणाली, "मंगळवारी तुझी आत्या आली होती ना, तेव्हाचे चार कुठेत?" तेव्हापासून रात्रीची ओळ तीच भरते.